मधल्या आवाजाचे नट

युरोपातील गायकांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे एक मोठी अडचण उभी राहते. ध्वनिमुद्रणाचे यंत्र व्यवहारात येण्यापूर्वी जे जे गायिले गेले ते सारे कायमचे लोपले असून मागे उरले आहेत ते केवळ स्वरलिपीचे कागद, नाट्यगृहांच्या दफ्तरांतील करारनामे, संगीतकारांचा पत्रव्यवहार आणि प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत छापून आलेली परीक्षणे. या दस्तऐवजांत परीक्षणाची साक्ष सर्वांत कच्ची समजण्याची रीत आहे, आणि त्याला कारणही आहे. एकोणिसाव्या शतकातील परीक्षणकार पुष्कळदा कोणत्या ना कोणत्या पक्षाचा अभिमानी असे, आणि पॅरिसच्या नाट्यगृहांत तर टाळ्या वाजविण्यासाठी पगारी माणसांची फौज ठेवलेली असे. तथापि टेनर किंवा सोप्रानो यांच्या स्तुतीला लागू पडणारा हा आक्षेप बॅरिटोनच्या स्तुतीला तितकासा लागू पडत नाही, असे माझे मत आहे. आवाजाच्या माधुर्याचे वर्णन करावयास बसले म्हणजे विशेषणांची आतषबाजी होते आणि त्यातून ऐकू काहीच येत नाही. परंतु गायक रंगभूमीवर कसा आला, कोठे थांबला, कोणते वाक्य त्याने दबक्या स्वरात टाकले आणि कोणत्या क्षणी तो मुळीच हलला नाही, हे डोळस माणसाने लिहून ठेवले तर शंभर वर्षांनंतरही त्यावरून प्रयोगाचे चित्र उभे करता येते. बॅरिटोनविषयी समीक्षकांनी जे लिहिले ते बहुतांशी या दुसऱ्या प्रकारचे आहे.

बॅरिटोन म्हणजे पुरुषी आवाजाचा मधला प्रकार. टेनरच्या उंच आवाजाच्या खाली आणि बासच्या खर्जाच्या वर त्याचे स्थान. अठराव्या शतकात त्याला स्वतंत्र दर्जा असा नव्हता. मोझार्टचा ‘डॉन जोव्हानी’ १७८७ साली प्राग येथे रंगभूमीवर आला, त्यातील नायकाची भूमिका आज बॅरिटोन गातात, पण त्या काळच्या व्यवहारात ती बासमध्येच गणली जाई. १८३० च्या सुमारास इटलीतील संगीतकार, विशेषतः दोनिझेत्ती, या मधल्या आवाजासाठी थोड्या वरच्या पट्टीत आणि अधिक आवेगाने लिहू लागले, आणि प्रियकराचे काम टेनरकडे व राजा किंवा धर्मगुरू यांचे काम बासकडे जात असल्याने या नव्या आवाजाच्या वाट्याला उरली ती माणसे: संशयाने पोळलेला नवरा, सूड घेणारा भाऊ, मुलीसाठी तळमळणारा बाप, कारस्थानी अधिकारी. ही उरलेली माणसे मानवी स्वभावाच्या दृष्टीने सर्वांत गुंतागुंतीची होती, आणि ती वठवावयास केवळ कंठ पुरेसा नव्हता, ही गोष्ट बॅरिटोनच्या इतिहासाला वळण देणारी ठरली.

या वळणावरचा पहिला मोठा पुरुष म्हणजे जॉर्जो रोन्कोनी. ९ मार्च १८४२ रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात व्हर्डीचा ‘नाबुको’ प्रथम झाला तेव्हा बॅबिलोनच्या गर्विष्ठ आणि मग वेड्या झालेल्या राजाची भूमिका त्याने केली, आणि त्यापूर्वी दोनिझेत्तीनेही आपल्या नायकांसाठी त्याची निवड केली होती. लंडनमध्ये रोन्कोनी अनेक वर्षे गायिला, आणि तेथील ‘अथीनियम’ या नियतकालिकाचा समीक्षक हेन्री चोर्ली याने आपल्या तीस वर्षांच्या संगीतविषयक आठवणींच्या ग्रंथात, जो १८६२ साली प्रसिद्ध झाला, त्याच्याविषयी जे लिहिले आहे ते समीक्षेच्या इतिहासात अपूर्व म्हटले पाहिजे. चोर्ली प्रथम दोषांची यादी देतो आणि त्यात काहीही राखून ठेवीत नाही: आवाजाचा पल्ला जेमतेम एका सप्तकाचा, गुण सामान्य, स्वर वारंवार हललेला, अंगकाठी ठेंगणी, चेहरा चारचौघांसारखा. असा जबर दोषारोप ठेवल्यावर तोच समीक्षक निकाल देतो तो मात्र या माणसाच्या प्रतिभेच्या बाजूने, कारण रंगभूमीवर उभा राहिला की हाच ठेंगणा मनुष्य शोकनाट्यात अंगावर काटा आणी आणि विनोदी भूमिकेत सभागृह हसते ठेवी. दोनिझेत्तीच्या ‘मारिया दी रोहान’मधील फसविल्या गेलेल्या पतीची भूमिका, जी त्याने १८४३ साली व्हिएन्ना येथे प्रथम केली होती, ती लंडनकरांनी पाहिली तेव्हा गाण्याचा दोष काढावयास कोणास सवड राहिली नाही. कोणत्याही टेनरला असे दोषांचे गाठोडे घेऊन यश मिळाले असते असे मला वाटत नाही. आणि चोर्ली हा सुराच्या बाबतीत अत्यंत काटेकोर मनुष्य असल्यामुळे त्याने केलेल्या या निवाड्याचे वजन दुप्पट आहे.

रोन्कोनीने जे स्वभावतःच केले त्याला व्हर्डीने शिस्तीचे रूप दिले. १४ मार्च १८४७ रोजी फ्लॉरेन्सच्या पेर्गोला नाट्यगृहात ‘मॅकबेथ’चा पहिला प्रयोग झाला, त्यात नायकाचे काम फेलिचे व्हारेझी या बॅरिटोनकडे होते. या प्रयोगाच्या तयारीच्या काळात व्हर्डीने व्हारेझीला धाडलेली पत्रे उपलब्ध आहेत, आणि त्यांतील मागणी त्या काळाच्या मानाने क्रांतिकारकच म्हणावी लागेल: गायकाने शब्द आणि प्रसंग यांचा आधी अभ्यास करावा, मग सूर आपोआप येतील, संगीतकारापेक्षा कवीची सेवा त्याने अधिक करावी. डंकनच्या खुनानंतर मॅकबेथ आणि त्याची पत्नी यांचे जे द्वंद्वगीत आहे ते थोड्या जागा सोडल्यास सर्व दबक्या, कोंडलेल्या आवाजात गावे, अशी सूचना त्याने स्वरलिपीतच लिहून ठेवली. लेडी मॅकबेथचे काम करणाऱ्या बार्बिएरी-निनी या गायिकेने पुढे सांगितलेली हकीगत प्रसिद्ध आहे. या एका द्वंद्वगीताच्या तालमी इतक्या झाल्या की पोशाख चढवून झाल्यावर, निमंत्रित प्रेक्षक येऊन बसले असताना, व्हर्डीने पुन्हा एकदा दोघांस बाजूच्या दालनात बोलावले, तेव्हा व्हारेझी चिडून म्हणाला की दीडशे वेळा तर झाले, आणि व्हर्डीने उत्तर दिले की अर्ध्या तासात ते एकशे एक्कावन्न होईल. हा आकडा गायिकेच्या आठवणीतला असल्यामुळे त्याची मोजदाद करीत बसू नये, परंतु कंठ न सोडता गाण्यासाठी कंठसंगीताच्या देशात एवढी मेहनत घेतली गेली, ही गोष्ट विसरता येत नाही.

याच व्हारेझीने ११ मार्च १८५१ रोजी व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात कुबडा विदूषक रिगोलेत्तो उभा केला. व्हिक्टर ह्यूगोच्या ज्या नाटकावरून ही कथा घेतली होती त्यावर फ्रान्समध्ये १८३२ साली एकाच प्रयोगानंतर बंदी आली होती, आणि व्हेनिसच्या ऑस्ट्रियन अंमलदारांनीही मसुद्यात पुष्कळ काटछाट करावयास लावली. पण विदूषकाचे कुबड व्हर्डीने सोडले नाही. कुबड बांधून प्रेक्षकांसमोर जावयाचे म्हणून व्हारेझी प्रयोगाच्या रात्री अतिशय घाबरला होता, आणि व्हर्डीने त्याला मागून ढकलले तेव्हा तो अडखळत रंगभूमीवर आला व लोकांनी ती विदूषकाची चालच समजून वाहवा केली, असे त्याच्या मुलीने सांगून ठेवले आहे. दोन वर्षांनी ‘ला त्राव्हियाता’च्या पहिल्या प्रयोगात मात्र त्याचा आवाज उतरणीला लागला होता, बापाची भूमिकाही त्याच्या मनास आली नाही, आणि त्या रात्रीच्या प्रसिद्ध अपयशात त्याचाही वाटा होता. पुढच्या वर्षी त्याच शहरातील दुसऱ्या नाट्यगृहात फिलिप्पो कोलेत्ती या बॅरिटोनने बापाचे तेच काम केले आणि नाटक उभे राहिले.

परंतु समीक्षकांची दाद आणि बॅरिटोनची कला यांचा संबंध ज्याच्या चरित्रात पूर्णपणे उलगडतो तो गायक इटालियन नव्हता. व्हिक्टर मॉरेल याचा जन्म १८४८ साली मार्सेय येथे झाला. १८६८ साली तो पॅरिसच्या ऑपेरागृहात उतरला, दोन वर्षांनी ला स्कालामध्ये गायिला, आणि लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये त्याने वाग्नरच्या नाटकांतील भूमिका तेथील प्रेक्षकांस प्रथम दाखविल्या. उंच बांधा, सुरेख चेहरा, चित्रकलेचा व्यासंग आणि आपल्या प्रत्येक भूमिकेचा वेश, रंगभूषा व हालचाल यांचा स्वतः विचार करण्याची सवय असे त्याचे गुण होते. आणि स्वतःविषयीची त्याची समजूत इतकी उच्च होती की नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांस त्याच्याशी करार करणे म्हणजे तह करण्यासारखे वाटे. १८८१ साली ला स्कालामध्ये ‘सिमोन बोक्कानेग्रा’ नव्या रूपात आला तेव्हा जेनोवाच्या त्या म्हाताऱ्या शासकाचे काम त्याने असे केले की, ईश्वराने शक्ती दिली तर तुझ्यासाठी इयागो लिहीन, असे व्हर्डी त्याला म्हणाला. हे अभिवचन आपणांस मिळाल्याचे मॉरेलने नंतर अनेकांना सांगितले आणि व्हर्डीला ते पुढे थोडे अडचणीचे झाले, पण शब्द पाळला गेला.

शेक्सपिअरच्या ‘ओथेल्लो’तील या कपटी इयागोविषयी व्हर्डीचे विचार किती दूरवर गेले होते हे त्याच वर्षी त्याने दोमेनिको मोरेल्ली या चित्रकाराला लिहिलेल्या पत्रावरून कळते. मी नट असतो तर हा इयागो उंच, सडपातळ, पातळ ओठांचा, नाकाजवळ आलेल्या बारीक डोळ्यांचा केला असता, आणि त्याची वृत्ती अशी बेफिकीर दाखविली असती की चांगले काय नि वाईट काय, त्याला दोन्ही सारखेच, असा त्या पत्राचा आशय आहे. नाटकाचे शब्द लिहिणारा कवी आरिगो बोइतो याने पुढे छापलेल्या प्रयोग-मार्गदर्शिकेत याहून निश्चित इशारा दिला: इयागोला मानवी राक्षस करून त्याच्या ओठांवर सैतानी हास्य चिकटविणे ही घोडचूक होय, तो देखणा, मोकळा, जवळजवळ खेळकर दिसला पाहिजे, कारण त्याच्या बायकोखेरीज प्रत्येकजण त्याला प्रामाणिक मानतो. बराच काळ या नाटकाचे नाव ‘इयागो’ ठेवावे असा विचार चालला होता, ही गोष्टही येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

‘ओतेल्लो’चा पहिला प्रयोग ५ फेब्रुवारी १८८७ रोजी झाला. तालमी बंद दरवाजाआड झाल्या होत्या, आणि प्रयोग मनासारखा उतरत नाही असे दिसल्यास शेवटच्या घटकेसही नाटक परत घेण्याचा हक्क व्हर्डीने स्वतःकडे राखून ठेवला होता. नायकाचे काम तामान्यो या टेनरने केले, ज्याच्या आवाजाच्या जोराविषयी आजवर दंतकथा चालत आल्या आहेत. युरोपभरचे बातमीदार आणि समीक्षक मिलानमध्ये गोळा झाले होते. ब्लांश रूझवेल्ट या अमेरिकन लेखिकेने त्या दिवसांची हकीगत पुस्तकरूपाने लिहिली, त्यात देस्देमोनाचे काम करणाऱ्या पांतालेओनीवर कठोर टीका आहे, मॉरेलच्या वाट्याला मात्र मनमोकळी स्तुती आली आहे. परंतु माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची दाद खुद्द व्हर्डीची होय. हे नाटक दुसऱ्या नाट्यगृहांत, दुसऱ्या गायकांकडून करण्याचा विषय निघाला तेव्हा त्याने अशा आशयाचे लिहिले की, मॉरेलसारखा शब्दोच्चार करणारा कोणी असल्यावाचून इयागोची भूमिका होणे शक्य नाही. आयुष्यभर मोठ्या आवाजांच्या गायकांत वावरलेल्या, त्र्याहत्तरी गाठलेल्या संगीतकाराने आपल्या सर्वांत भयंकर पात्रासाठी आवाज मागितला नाही, उच्चार मागितला.

आणि याचे कारण त्या भूमिकेतच आहे. दुसऱ्या अंकात कासियोच्या झोपेतील बरळण्याची खोटी हकीगत इयागो ओतेल्लोच्या कानात ओततो, ती जागा जवळजवळ सबंध अर्ध्या आवाजात आहे. वाद्यवृंद मागे सरलेला, सूर अरुंद पट्ट्यात फिरणारा, आणि प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू येणे आवश्यक. येथे ज्याने कंठ दाखविला त्याने भूमिका घालविली. मॉरेलच्या आवाजाचा ऐन भर तेव्हा ओसरू लागला होता आणि अनेक समीक्षकांनी तसे म्हटलेही. पण त्यांची स्तुती या कबुलीने सुरू होते म्हणून तिला उणी समजणे मला मान्य नाही. आवाज मोठा राहिला असता तर तो वापरण्याचा मोह अनावर झाला असता, आणि मिलानच्या प्रेक्षकांनी तो मोह वाढविलाच असता. मॉरेलजवळ जे होते त्याच्याशी भूमिकेची गरज तंतोतंत जुळली, आणि जे समीक्षक हे ओळखू शकले त्यांनी गायनकलेची व्याख्याच रुंद केली.

याच कथेच्या आपल्याकडील प्रवासाचा येथे थोडा उल्लेख करावासा वाटतो. ‘ओतेल्लो’ मिलानमध्ये झाल्यावर तीनच वर्षांनी, १८९० साली, गोविंद बल्लाळ देवलांचे ‘झुंझारराव’ मराठीत आले. ज्यांनी पुढे ‘संगीत शारदा’ लिहिले त्या देवलांनी शेक्सपिअरचे हे शोकनाट्य गद्यातच ठेवले, आणि आमच्या थोर गद्य नटांनी ते गाजविले. कपटी माणसाचे अंतरंग सुरांतून दाखविता येईल काय हा प्रश्न आपल्या संगीत रंगभूमीने त्या वेळी स्वतःला विचारला असता तर तिचे पुढील वळण कसे झाले असते, याचा विचार आमच्या नाट्येतिहासकारांनी अवश्य करावा.

मॉरेलकडे परत येऊ. २१ मे १८९२ रोजी मिलानच्या दाल व्हेर्मे नाट्यगृहात, तरुण तोस्कानिनीच्या संचालनाखाली, लिओनकाव्हालोचा ‘पाग्लियाच्ची’ प्रथम झाला, त्यात कुरूप, अपमानित विदूषक तोनियोचे काम मॉरेलने केले. पडदा उघडण्यापूर्वी तोनियो एकटाच पुढे येऊन प्रेक्षकांशी बोलतो तो प्रसिद्ध प्रस्ताव मॉरेलसाठी घातला गेला असे सांगतात; आणि नाटकाच्या शेवटी खेळ संपल्याचे जाहीर करणारे वाक्यही मुळात त्याच पात्राचे होते, ते पुढे टेनर गायकांनी आपल्याकडे ओढून घेतले. एका वर्षाच्या आत, ९ फेब्रुवारी १८९३ रोजी, ला स्कालामध्ये तो फाल्स्टाफ झाला. या कामासाठी त्याने आधी अशा काही अटी घातल्या होत्या की ऐंशीकडे झुकलेल्या व्हर्डीने संतापून नाटकच मागे घेण्याची धमकी दिली; समेट झाला, आणि समेट झाला हे संगीताचे भाग्य. त्यात एक अगदी लहान गीत आहे, अर्ध्या मिनिटाचे म्हटले तरी चालेल, ज्यात हा अवाढव्य म्हातारा आपण लहानपणी सरदाराच्या पदरी किती सडपातळ पोरगा होतो हे सांगतो. पहिल्याच रात्री प्रेक्षकांनी त्यावर वन्समोअर घेतला. १८९५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरागृहाने ‘फाल्स्टाफ’ प्रथम केले तेव्हाही भूमिका मॉरेलचीच होती.

या एका गीताच्या बाबतीत नशीब आपल्या बाजूचे आहे, कारण १९०७ साली मॉरेलने ते ध्वनिमुद्रित केले. मुद्रणगृहात काही मंडळी श्रोते म्हणून बसविली होती. तो एकदा गातो, टाळ्या होतात, पुन्हा इटालियनमध्ये गातो, पुन्हा टाळ्या होतात, आणि तिसऱ्यांदा तेच गीत फ्रेंचमध्ये गातो. आवाज थकलेला आहे, यात शंका नाही. साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाचा आहे. परंतु त्या थकलेल्या आवाजात शब्द नाचतात, स्वर शब्दामागून हलक्या पावलांनी येतात, आणि चाळीस वर्षांत समीक्षकांनी जे लिहिले ते अतिशयोक्त नव्हते याचा पुरावा त्या अर्ध्या मिनिटात मिळतो. इयागोची ती कुजबुजही त्याने विसाव्या शतकाच्या आरंभी मुद्रित केलेली आहे. १९०९ पासून तो न्यूयॉर्कमध्ये शिकवीत राहिला, १९१९ साली मेट्रोपोलिटनमधील गुनोच्या ‘मिरेय’साठी त्याने देखावेही रंगविले, आणि १९२३ साली तेथेच वारला.

त्याच्या पाठीमागे जी पिढी आली तिचे वैभव निराळे होते. मात्तिया बात्तिस्तिनीच्या सुरेल, रेशमी गायकीवर रशियातील दरबारी श्रोते इतके लुब्ध होते की मासेनेने आपल्या ‘व्हेर्तर’मधील टेनरची भूमिका त्याच्यासाठी बॅरिटोनच्या पट्टीत बसवून दिली, तित्ता रुफ्फोचा आवाज तर ध्वनिमुद्रिकांतूनही आजच्या श्रोत्याला दिपवितो. या दोघांचा मोठेपणा निर्विवाद आहे, पण त्यांच्या परीक्षणांत समीक्षक पुन्हा आवाजाची विशेषणे शोधू लागले, आणि चोर्लीने रोन्कोनीत पाहिलेली परंपरा काही काळ मागे पडली.

ती पूर्ण तेजाने परत आली तितो गोब्बी याच्या रूपाने. १९१३ साली बास्सानो देल ग्राप्पा येथे जन्मलेला हा मनुष्य पादुआच्या विश्वविद्यालयात कायद्याचा विद्यार्थी होता. १९३५ साली तो प्रथम रंगभूमीवर उतरला, आणि १९४२ साली, युद्ध ऐन भरात असताना, आल्बान बेर्गच्या ‘व्होत्सेक’चा इटलीतील पहिला प्रयोग रोममध्ये झाला तेव्हा त्यातील पिचलेल्या सैनिकाचे काम त्याने केले. चित्रपटांतही त्याने पुष्कळ कामे केली, आणि डोळ्याच्या एका हालचालीला काय किंमत असते हे तो तेथे शिकला असावा. बोक्कानेग्रा, इयागो, फाल्स्टाफ या मॉरेलच्या तिन्ही भूमिका त्याच्याही झाल्या. गोब्बीचा आवाज त्याच्या समकालीनांत सर्वांत मोठा किंवा सर्वांत सुंदर नव्हता, हे त्याचे चाहते समीक्षकही मान्य करीत. त्याची स्तुती होत असे ती एकाच आवाजातून निघणाऱ्या अनेक रंगांची, आणि शब्दागणिक बदलणाऱ्या भावाची.

पुच्चिनीच्या ‘तोस्का’मधील पोलीस-अधिकारी स्कार्पिया ही त्याची भूमिका सर्वांत गाजली. १९०० साली रोममध्ये ती प्रथम करणारा एउजेनियो जिराल्दोनी हा बॅरिटोन, व्हर्डीचा पहिला सिमोन बोक्कानेग्रा ठरलेल्या लेओने जिराल्दोनीचा मुलगा होता, म्हणजे ही परंपरा रक्तानेही चालत आलेली आहे. हलक्या दर्जाचे नट स्कार्पियाला गुंड करतात. गोब्बीचा स्कार्पिया दरबारी रीतीचा गृहस्थ होता. तो वाइनचा पेला उचले, आसन पुढे करी, सौजन्याने बोले, आणि त्या सौजन्यामुळेच त्याची भीती वाटे. बोइतोने इयागोसाठी जो नियम घालून दिला होता तो येथे दुसऱ्या पात्राला लागू पडलेला दिसतो. २१ जानेवारी १९६४ रोजी कोव्हेंट गार्डनमध्ये झेफिरेल्लीने बसविलेल्या प्रयोगात मारिया कालास तोस्का होती आणि गोब्बी स्कार्पिया. लंडनच्या वृत्तपत्रांनी त्या जोडीचे जे कौतुक केले ते ऑपेराच्या रसिकांत अजून बोलले जाते, आणि सुदैवाने ते तपासून पाहण्याची सोय आपल्याला आहे, कारण त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला त्यातील दुसरा अंक दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आला आणि त्याचे चित्रमुद्रण टिकून आहे. त्यापूर्वी १९५८ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये याच दोघांनी केलेला तोच अंकही चित्रित झालेला आहे.

ज्या वाचकास ऑपेराची भाषा परकी वाटते आणि त्या गायकीची सवय नाही, त्याने आरंभ टेनरच्या प्रसिद्ध पदांपासून करू नये. त्याने १९६४ चा तो अंक मिळवून पाहावा, आणि तोस्का गात असताना न गाणारा गोब्बी काय करतो आहे तिकडे लक्ष ठेवावे. त्यानंतर मॉरेलची १९०७ ची ध्वनिमुद्रिका ऐकावी. चोर्लीच्या निवाड्याची सत्यता त्याला दुसऱ्या कोणी पटवून देण्याची गरज उरणार नाही.